पाणी वाटले, पण कोणात? यझ्द शहर, त्याची गावे आणि आपला प्रश्न

गेल्या उन्हाळ्यात आम्ही पाणी व्यवस्थापनाच्या एका प्रशिक्षणाला गेलो होतो. सभागृहात सरपंच, ग्रामसेवक, बचत गटाच्या ताया आणि आमच्यासारखे पाच-सहा कार्यकर्ते. दुसऱ्या दिवशी पडद्यावर इराणमधल्या यझ्द शहराचे फोटो आले. मातीची घरे, वारा पकडणारे उंच मनोरे, जमिनीखालून वाहणारे पाणी. प्रशिक्षक भारावून सांगत होते, "ना वीज, ना पंप. गावाने एकत्र येऊन वाळवंटात पाणी आणले आणि थेंब न् थेंब वाटून घेतला. आपल्याकडे ही सामूहिक भावना का नाही?" टाळ्या पडल्या. आमच्या शेजारी बसलेल्या, शेतमजुरी करणाऱ्या एका ताईंनी हळूच विचारले, "दादा, त्यात ज्याला जमीन नाही त्याचा वाटा किती व्हता?"

आम्ही तो प्रश्न उभे राहून मोठ्याने विचारला. प्रशिक्षक म्हणाले, तो विषय वेगळा, आज तांत्रिक बाजू बघू.

तो विषय वेगळा नाही. तोच विषय आहे. म्हणून यझ्दबद्दल जे हाती लागले ते आम्ही वाचून काढले. त्यातून जे कळले ते आमच्या वाचकांपुढे ठेवत आहोत. इराण दूर आहे, त्याच्याशी आपल्याला काय करायचे, असे कोणी म्हणेल. पण हे गाव तितके दूर नाही. मुंबईच्या कोपऱ्यावरच्या इराणी हॉटेलात बनमस्का आणि चहा घेणाऱ्या प्रत्येकाचा यझ्दच्या खेड्यांशी संबंध आलेला आहे. त्या हॉटेलांच्या कित्येक मालकांचे वाडवडील तिथूनच आले.

पाण्याची वाट आणि सत्तेची वाट

यझ्द मध्य इराणच्या पठारावर, वाळवंटाच्या काठावर वसले आहे. वर्षाला जेमतेम पन्नास-साठ मिलिमीटर पाऊस. आपल्याकडे एका दिवसात याहून जास्त पडतो. पाण्याचा आधार म्हणजे नैऋत्येला असलेला चार हजार मीटरहून उंच शीर कूह पर्वत. तिथला बर्फ वितळतो, पाणी डोंगराच्या पायथ्याशी जमिनीत मुरते. ते शहराकडे आणायला जमिनीखालून खोदलेला किंचित उताराचा बोगदा म्हणजे कनात. वरच्या टोकाला खोल 'मातृविहीर', मग ठरावीक अंतरावर माती काढायला आणि हवा खेळायला उभ्या विहिरी, आणि शेवटी पाणी आपोआप जमिनीवर येते. यझ्दजवळचा झार्चचा कनात सत्तर किलोमीटरहून लांब आहे. युनेस्कोने २०१६ मध्ये इराणच्या अकरा कनातांना जागतिक वारसा ठरवले, त्यात तो आहे. पुढच्या वर्षी यझ्दचे जुने शहरही त्या यादीत गेले.

ही स्थापत्यकला थोर आहे यात वाद नाही. आमचा वाद पुढच्या वाक्याशी आहे. 'गावाने एकत्र येऊन बांधले' हे वाक्य खोटे आहे.

कनात खोदायला वर्षानुवर्षे लागत, कधी पिढी जाई. एवढे दिवस मजुरी पुरवणारा पैसा कुळाकडे नसतो. तो असे शहरातल्या व्यापाऱ्याकडे, जमीनदाराकडे, सरदाराकडे किंवा धार्मिक वक्फाकडे. पैसा ज्याचा, पाणी त्याचे. यझ्द भागात पाण्याची मालकी जमिनीच्या मालकीपासून वेगळी होती. जमीन विकत घेतली म्हणजे पाणी मिळाले असे नाही. वाळवंटात जमीन भरपूर, तिला किंमत कसली? किंमत पाण्याच्या वेळेला. कनातच्या पाण्याचे वाटे पडत आणि ते वाटे मिनिटांच्या हिशोबात मोजले जात. तळाला बारीक भोक पाडलेले तांब्याचे भांडे पाण्यावर सोडायचे, ते भरून बुडाले की एक माप झाले. हा हिशोब ठेवणारा 'मीराब'. हे वाटे विकले जात, गहाण पडत, वारसांत तुकडे होऊन वाटले जात, वक्फाला दिले जात. थोडक्यात, पाण्याचा सातबारा होता आणि तो पुष्कळदा गावात नव्हता, शहरात होता.

प्रामाणिकपणे एक गोष्ट सांगितली पाहिजे. इराणच्या इतर भागांत एकेका जमीनदाराकडे पाच-पन्नास गावे असत. यझ्दच्या आसपास तसे कमी. इथे छोटे वाटेकरीही बरेच होते, स्वतःची मिनिटे असलेले शेतकरी होते. पण छोटा वाटा असणे आणि वाट्याविना असणे यात जो फरक आहे तो आपल्याला सांगायला नको.

कनात खोदणारे 'मुकन्नी' यझ्दचेच प्रसिद्ध. देशभर त्यांना बोलावणे असे. अंधाऱ्या, अरुंद बोगद्यात ते ओणवे होऊन खोदत. माती कोसळे, पाणी अंगावर येई, हवा संपे. ते पांढरे कपडे घालून उतरत आणि लोक म्हणत, आत मेला तर तेच कफन. ज्या बोगद्यावर जग आज वारसा म्हणून फिदा आहे त्यात गाडल्या गेलेल्या माणसांची नावे कुठल्या फलकावर आहेत? गटारात गुदमरून मरणाऱ्या आपल्या सफाई कामगारांची नावे जिथे असतात तिथेच. म्हणजे कुठेच नाहीत.

पाच वाटे, आणि कष्टाचा एक

अ‍ॅन लॅम्बटन या विदुषीने १९५३ मध्ये इराणच्या जमीनदार-कुळ संबंधांवर ग्रंथ लिहिला. त्यात इराणी शेतीची एक जुनी रीत सांगितली आहे. पिकाचे पाच घटक मानायचे : जमीन, पाणी, बियाणे, बैल आणि मनुष्याचे कष्ट. ज्याचा जो घटक त्याला त्याचा वाटा. प्रत्यक्षात भागागणिक प्रमाण बदलत असे, पण यामागचे तत्त्व नीट वाचा. उन्हातान्हात राबणारा माणूस पाचातला एक. बाकी चार वस्तू, आणि त्या वस्तू दुसऱ्याच्या. ज्याच्याकडे हातांशिवाय काही नाही त्याला खळ्यावरून एक वाटा उचलून घरी जायचे. हे गणित इतके 'न्याय्य' दिसते की त्यावर कोणी प्रश्नच विचारत नाही. पण पाणी एका माणसाचे कसे झाले, हा प्रश्न त्या पाचात बसत नाही.

पॉल वॉर्ड इंग्लिश या भूगोलतज्ज्ञाने शेजारच्या केरमान खोऱ्याचा अभ्यास १९६६ मध्ये प्रसिद्ध केला. तोवर पाश्चात्त्य अभ्यासक म्हणत की पूर्वेकडची खेडी स्वयंपूर्ण असतात, शहराशी त्यांचे फारसे देणेघेणे नसते. इंग्लिश यांनी दाखवले की हे धादांत चूक आहे. खेड्याची जमीन आणि पाणी शहरातल्या कुटुंबांच्या मालकीचे. खेड्यातल्या मागावर विणला जाणारा गालिचा शहरातल्या व्यापाऱ्याचा : लोकर त्याची, नक्षी त्याची, आगाऊ पैसा त्याचा. विणणारी बोटे बायकांची आणि पोरांची. खेड्यातल्या वस्तीची रचनासुद्धा पाण्याच्या उताराने ठरलेली. पाणी जिथे वर येते तिथे मालकांची घरे आणि बागा. तिथून खाली, वापरलेले, गढूळ पाणी जसजसे पुढे जाते तसतशी वाटेकऱ्यांची आणि मजुरांची घरे.

हे वाचताना आम्हाला नकाशा बघायची गरज वाटली नाही. आपल्याकडे गावाच्या कोणत्या बाजूला आपली वस्ती असते हे आम्हाला ठाऊक आहे.

ऑस्ट्रियन भूगोलतज्ज्ञ हान्स बोबेक यांनी या व्यवस्थेला 'खंडाची भांडवलशाही' म्हटले. शहरातला मालक गावातून वाटा, व्याज आणि खंड ओढून घेतो, पण शेती सुधारायला तो परत काही घालत नाही. पीक उभे असतानाच कमी भावात विकत घ्यायचे, पेरणीला उचल द्यायची, सुगीला दामदुप्पट वसूल करायची. मराठवाड्यातला आमचा कोणताही शेतकरी हे डोळे मिटून सांगेल. यझ्दच्या बाजाराचे सुंदर छत, रेशमी तिर्मे, मशिदीचा देशातल्या सर्वांत उंच मनोऱ्यांपैकी एक असलेला जोडमनोरा, हे सगळे आकाशातून पडले नाही. ते गावांच्या खळ्यावरून आले.

बाजारात पाय ठेवण्याचा हक्क

आता या चित्रात आणखी एक माणूस आणू. यझ्दच्या आसपासच्या खेड्यांत झरथुष्ट्री लोकांची मोठी वस्ती होती. शरीफाबाद, तफ्त, चम, मझरए कलांतर ही त्यांची गावे. १८५४ मध्ये सबंध इराणात ते जेमतेम सात हजार उरले होते आणि त्यातले बहुतेक यझ्द आणि त्याच्या खेड्यांत. हे बहुतेक शेतकरी आणि माळी. शहराला खाऊ घालणारे. पण त्याच शहराच्या लेखी ते 'नजीस', म्हणजे अपवित्र.

नेपिअर माल्कम हा ख्रिस्ती मिशनरी पाच वर्षे यझ्दमध्ये राहिला आणि त्याचे पुस्तक १९०५ मध्ये आले. मिशनऱ्याचे लिखाण म्हणून त्याकडे सावधपणे बघायला हवे हे आम्हाला मान्य आहे, पण त्याने तपशील तारखांसह दिले आहेत. १८६० पर्यंत झरथुष्ट्रींना व्यापार करता येत नसे, तळघरात माल लपवून ते चोरून विकत. नंतर सराईत धंदा करायची मुभा मिळाली, पण बाजारात नाही. १८९१ पर्यंत शहरात त्यांना घोड्या-गाढवावर बसता येत नसे, पायीच चालायचे. १८९५ पर्यंत छत्री नाही, चष्मा नाही. कपड्यांचे रंग ठरलेले : मळकट, करडे, पिवळे. घर इतके ठेंगणे की बाहेरच्या माणसाने हात वर केला तर छताला लागावा. आणि वारा पकडणारा मनोरा, ज्याचे फोटो त्या प्रशिक्षणात दाखवले गेले, तो बांधायला बंदी. एका श्रीमंत झरथुष्ट्री व्यापाऱ्याने अधिकाऱ्याला आणि धर्मगुरूला मोठी रक्कम चारली तेव्हा कुठे त्याला वाऱ्याचा हक्क मिळाला.

वारासुद्धा विकत घ्यावा लागला, मित्रांनो. चाळीस-पंचेचाळीस अंशांच्या उन्हाळ्यात.

नजीसपणाचे शास्त्र ओलाव्यावर उभे होते. कोरड्या स्पर्शाने नाही, ओल्या स्पर्शाने विटाळ लागतो. म्हणून फळाला, भाजीला, दुधाला हात लावायचा नाही. पावसात बाहेर पडायचे नाही, अंगावरून ओघळलेले पाणी रस्त्यात सांडेल. ज्या माळ्याने डाळिंब पिकवले त्याच्या हाताने बाजारातले डाळिंब बाटते!

आता इथे थांबून दोन गोष्टी स्पष्ट करतो.

पहिली. बाबासाहेबांनी १९४८ च्या आपल्या अस्पृश्यांवरील ग्रंथाची सुरुवातच हिंदूंबाहेरच्या विटाळाच्या विचाराने केली आहे. जगात अनेक समाजांत अपवित्रतेच्या कल्पना होत्या, पण पिढ्यान्पिढ्यांची, धुऊन न जाणारी अस्पृश्यता वेगळी, हा त्यांचा मुद्दा. यझ्दला तो लावून बघा. तिथला झरथुष्ट्री धर्म बदलला की दुसऱ्या दिवशी पवित्र होई. आपल्याकडे माणूस धर्म बदलूनही महार-मांगच राहतो, चर्चमध्येही आणि मशिदीतही. तेव्हा दोन्ही एकच, असे आम्ही म्हणत नाही. पण धर्मबदलाच्या त्या उघड्या दारालाही एक किंमत होती. कुटुंबातला एक जण मुसलमान झाला तर बापाची सगळी मालमत्ता त्याला मिळे, बाकी भावंडे कोरडी. म्हणजे विटाळाचा नियम आणि वारशाचा नियम मिळून जमीन आणि पाण्याचे वाटे एका हातातून दुसऱ्या हातात सरकवण्याचे यंत्र तयार झाले होते. पवित्र-अपवित्राची भाषा जिथे ऐकू येते तिथे मालमत्तेचा कागद शोधावा, हे समाजशास्त्राने आम्हाला शिकवले आणि बाबासाहेबांनी त्याआधी.

दुसरी. हा मजकूर वाचून काही जणांना आनंद होईल. 'बघा, मुसलमानांनी काय केले' म्हणून ते हा परिच्छेद कापून फिरवतील. त्यांना आमचा एकच प्रश्न : १९२७ च्या २० मार्चला महाडच्या चवदार तळ्यावर पाण्याला स्पर्श केला म्हणून आमच्या माणसांची डोकी कोणी फोडली? आणि तळे सार्वजनिक आहे हे ठरायला उच्च न्यायालयाच्या १९३७ च्या निकालापर्यंत दहा वर्षे कोणामुळे लागली? यझ्दच्या झरथुष्ट्रीसाठी ज्यांचे डोळे पाणावतात त्यांचे डोळे गावकुसाबाहेर कोरडे कसे? शिवाय यझ्दचा मुसलमान मुकन्नी आणि मुसलमान वाटेकरी त्याच व्यवस्थेखाली चिरडला जात होता. धर्माच्या नावाने मांडलेला हिशोब त्याला दिसतच नाही.

मुंबईची मदत आणि डहाणूची वाडी

इथून गोष्ट मुंबईला येते. १८५४ मध्ये मुंबईच्या पारशांनी माणेकजी लिमजी हातारिया यांना इराणला पाठवले. त्यांनी शाळा काढल्या, दरबारात खेटे घातले, आणि १८८२ मध्ये नासिरुद्दीन शाहने झरथुष्ट्रींवरचा जिझिया रद्द केला. अठ्ठावीस वर्षांचा लढा. संघटना, शिक्षण आणि चिकाटी काय करू शकते याचा हा धडा आहे, आणि आम्ही त्यापुढे मनापासून मान लवतो.

पण त्यातली एक विसंगती आम्हाला गप्प बसू देत नाही. या कामामागे सर दिनशा पेटिट यांच्यासारखे मुंबईचे गिरणीमालक उभे होते. आणि याच मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात अस्पृश्यांना प्रवेश नव्हता. का? कांडीतला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे आणि महाराच्या थुंकीने ओला झालेला धागा सवर्ण कामगारांना चालत नसे. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न धसास लावला. यझ्दमध्ये ओल्या हाताचा विटाळ, मुंबईत ओल्या धाग्याचा. एका विटाळाविरुद्ध निधी जमला, दुसऱ्यातून नफा जमला.

१८७०-७२ च्या भीषण दुष्काळाने इराण होरपळला. त्यानंतरच्या दशकांत यझ्दच्या खेड्यांतून झरथुष्ट्री कुटुंबे मुंबईला येत राहिली. मिळेल ते काम केले, मग चहाची हॉटेले काढली. शहरात जात न सांगता एका टेबलावर बसून चहा प्यायची सवय मुंबईला ज्या जागांनी लावली त्यांत इराणी हॉटेल आहे. आमच्या आजोबांच्या पिढीला त्याचे मोल माहीत होते. गावातल्या हॉटेलात तेव्हा त्यांच्यासाठी वेगळी कपबशी बाहेर खिळ्याला टांगलेली असे.

आणि तेच काही स्थलांतरित डहाणू-घोलवडकडे वळले. तिथे जमिनी घेतल्या, चिकूच्या वाड्या उभ्या केल्या, मेहनतीने केल्या. पण त्या वाड्यांत राबले कोण? वारली. त्या भागातल्या जमीनदारांत हिंदू होते, पारशी होते, मुसलमान होते, इराणीही होते. वेठबिगारीविरुद्ध १९४५ मध्ये वारल्यांनी जे बंड केले, ज्याची हकिगत गोदावरी परुळेकरांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' मध्ये लिहिली, ते या सर्वांच्या जमीनदारीविरुद्ध होते.

हे आम्ही कोणत्याही समाजाला हिणवायला लिहीत नाही. आज मुंबईत हॉटेल चालवणाऱ्या कुटुंबाचा यात काय दोष? आम्ही हे लिहितो कारण पीडिताचे पोर आपोआप न्यायी होत नाही. व्यवस्था जशीच्या तशी राहिली आणि फक्त माणसाची जागा बदलली, तर काल पाण्याच्या खालच्या टोकाला बसलेला उद्या वरच्या टोकाला जाऊन बसतो. आपल्यातल्याही नोकरदार, प्लॉटधारक झालेल्या वर्गाने हे वाक्य दोनदा वाचावे.

जमीन सुधारणा झाली, मजूर तिथेच

१९६२ पासून इराणच्या शाहने जमीन सुधारणा केली. जमीनदारांच्या गावांवर मर्यादा आली, ज्यांचा कसण्याचा वहिवाटी हक्क होता त्या वाटेकऱ्यांना जमिनी मिळाल्या. पण गावात आणखी एक वर्ग होता, ज्याला कसण्याचा हक्कही नव्हता. हे भूमिहीन मजूर ग्रामीण लोकसंख्येच्या एक तृतीयांशाहून अधिक होते. त्यांना काहीच मिळाले नाही. फारसीत त्यांना 'खोशनशीन' म्हणत. शब्दाचा अर्थ बघा : सुखाने बसलेले! काम नाही, जमीन नाही, म्हणून 'सुखी'. शोषकांची भाषा सगळीकडे सारखीच विनोदी असते.

आपल्याकडे १ एप्रिल १९५७ चा 'कृषक दिन' आठवा. कसेल त्याची जमीन. कूळ म्हणून ज्याचे नाव कागदावर होते त्याला जमीन मिळाली. आमचा सालगडी कसत होता, पण त्याचे नाव कुठे होते? म्हणूनच बाबासाहेबांनी १९३७ मध्ये खोती नष्ट करण्याचे विधेयक आणले तरी ते तिथे थांबले नाहीत. १९४७ च्या 'राज्ये आणि अल्पसंख्याक' मध्ये त्यांनी शेतजमीन राज्याच्या मालकीची करून जातीचा भेद न करता कसायला द्यावी अशी मांडणी केली. कूळ मालक झाले तरी भूमिहीन भूमिहीनच राहतो, हे त्यांना दिसत होते. इराणच्या शाहला पंधरा वर्षांनंतरही दिसले नाही.

जमीन सुधारणेबरोबर मोटारपंप आले. ज्याच्याकडे पैसा त्याने खोल विहीर मारली. भूजल खाली गेले आणि शेजारचे कनात आटले. शतकानुशतके टिकलेली व्यवस्था एका पिढीत कोरडी पडू लागली. आणि ती आटली तेव्हा आधी खालच्या टोकाचा माणूस गेला.

आज यझ्द पाच लाखांवर वस्तीचे औद्योगिक शहर आहे. फरशा, पोलाद, खाणी. त्यांना पाणी कुठले? इस्फहानच्या झायंदे रूद नदीवरून जलवाहिनीने आणलेले. इस्फहानच्या पूर्वेकडचे शेतकरी म्हणतात, आमची शेते सुकली आणि आमची नदी शहरांना आणि कारखान्यांना गेली. २०१३ मध्ये त्यांनी ती जलवाहिनी फोडली, नंतरही ती पुन्हा पुन्हा फुटली. नोव्हेंबर २०२१ मध्ये हजारो लोक कोरड्या नदीपात्रात जमले आणि त्यांच्यावर अश्रुधूर सोडला गेला. एकेकाळी बाजाराचे शहर आपल्या भोवतालच्या गावांचे पाणी ओढत होते. आता ते परप्रांतातल्या गावांचे ओढते. पाइप लांब झाला आहे, नाते तेच आहे. यझ्दमध्ये पाणी पिणाऱ्या कामगाराचा यात गुन्हा नाही आणि वाहिनी फोडणाऱ्या शेतकऱ्याचाही नाही. दोघांना एकमेकांसमोर उभे करून वरच्या टोकाला बसलेला सुरक्षित राहतो.

आणि राजकीय हक्काचे काय? सेपंता निकनाम हे झरथुष्ट्री नगरसेवक २०१७ मध्ये यझ्दमधून दुसऱ्यांदा निवडून आले. मुसलमानबहुल शहरातल्या मतदारांनी त्यांना निवडले. पराभूत उमेदवाराने तक्रार केली आणि बिगरमुसलमान मुसलमानांवर निर्णय घेऊ शकत नाही या कारणाने त्यांना निलंबित केले गेले. २०१८ मध्ये ते पुन्हा सभागृहात बसले, कारण इराणमध्येच त्याविरुद्ध मोठा आवाज उठला. सामान्य माणसे वरच्यांपेक्षा पुढे असतात, फक्त त्यांना मोजले जात नाही.

तर आमचे म्हणणे काय?

आम्ही कनाताच्या विरोधात नाही. पारंपरिक पाणी व्यवस्थेच्याही नाही. आमचा विरोध आहे तो 'गाव' नावाच्या गोड शब्दाला. ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत बाबासाहेबांनी खेड्याच्या भाबड्या गौरवावर जो हल्ला चढवला तो अजून अनेकांना झोंबतो. खेड्याला एकसंध समजले की वरच्या टोकाचा आवाज संपूर्ण गावाचा आवाज होतो, आणि खालच्या टोकाचा प्रश्न 'वेगळा विषय' होतो.

वेगळे करता येत नाही असे कोणी सांगू नये. पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांच्या पाणी पंचायतीने सत्तरच्या दशकातच तत्त्व मांडले होते : पाणी जमिनीच्या एकरांवर नाही, घरातल्या माणसांवर वाटायचे, आणि भूमिहीनालाही वाटा द्यायचा. उसाला पाणी नाही. यझ्दचे फोटो दाखवण्याआधी आमच्या प्रशिक्षकांनी नायगावची गोष्ट सांगितली असती तर त्या ताईंना प्रश्न हळूच विचारावा लागला नसता.

म्हणून गावागावांत पाण्याची नवी कामे होत असताना आमचे साधे सांगणे आहे. समितीत बसा. आराखडा कागदावर मागा. तलाव कोणाच्या शेताजवळ होतोय, पाझर कोणाच्या विहिरीला लागणार, श्रमदान कोण करतोय आणि पाणी कोण घेतोय, याची नावानिशी यादी मागा. ज्याने माती उपसली त्याचा पाण्यात वाटा लिहून घ्या. जमीन नसेल तर तो वाटा त्याला विकता किंवा भाड्याने देता यावा. 'सामूहिक भावना' हा शब्द कोणी उच्चारला की विचारा : समूहात आम्ही आहोत का?

त्या ताईंच्या प्रश्नाचे उत्तर आम्ही आता देऊ शकतो. ताई, यझ्दमध्ये ज्याला ना जमीन ना पाण्याचे मिनिट, त्याचा वाटा पाचातला एक होता. तोही त्याला कोणी कसायला घेतले तरच. पुढच्या बैठकीत हा प्रश्न तुम्हीच विचारा, आणि हळू नाही, मोठ्याने. आम्ही शेजारी बसलेलो असू.

जय भीम!